बांबूउडी घेणाऱ्या आजी आणि घरातली पडण्याची भीती

मैदानी खेळांमध्ये बांबूउडी, म्हणजेच पोल व्हॉल्ट, हा मोठा गुंतागुंतीचा प्रकार आहे. खेळाडू लांब दांडा घेऊन वेगाने धावतो, त्याचे टोक जमिनीतील खोबणीत रोवतो, धावण्याचा सारा वेग त्या वाकणाऱ्या दांड्यात साठवतो आणि दांडा सरळ होताना त्याच्याबरोबर वर उचलला जातो. हवेत असतानाच पाय डोक्याच्या वर न्यायचे, अंग वळवायचे, आडवी पट्टी न पाडता ओलांडायची आणि अखेर खाली पडायचे. उडी साधो वा न साधो, पडणे अटळ असते. म्हणून या खेळात उडण्याइतकेच पडण्याचेही शिक्षण घ्यावे लागते.

साठी, सत्तरी, इतकेच नव्हे तर ऐंशी ओलांडलेल्या स्त्रियांनीही या खेळात जागतिक विक्रम केले आहेत. हे वाचून कौतुक वाटते, पण त्याच वेळी मनात येते की, ही मंडळी निराळीच असणार. आपल्या घरातील गुडघे धरून उठणाऱ्या आईशी यांचा काय संबंध? संबंध आहे. कोणा आजींच्या हाती बांबू द्यावा, असे मी सुचवणार नाही. परंतु वार्धक्यात ज्या गोष्टीची धास्ती सर्वाधिक असते, त्या पडण्याविषयी या स्त्रियांच्या उदाहरणातून बरेच शिकण्याजोगे आहे.

उशिरा उघडलेले दार

बांबूउडी हा दीर्घकाळ पुरुषांचाच खेळ मानला गेला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची बांबूउडी १८९६ पासून आहे. स्त्रियांसाठी ती सुरू व्हायला २००० सालची सिडनी स्पर्धा उजाडावी लागली. तेथे अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिला यांनी ४.६० मीटर उडी मारून पहिले सुवर्णपदक जिंकले. पुढे २००९ मध्ये रशियाच्या येलेना इसिनबायेव्हा यांनी ५.०६ मीटरचा विक्रम केला.

या तारखा ध्यानात घेतल्या म्हणजे एक गोष्ट उमगते. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या स्त्रीला तरुणपणी हा खेळ खेळण्याची संधीच नव्हती. त्यामुळे या ज्येष्ठ विक्रमवीर स्त्रिया तरुणपणचे कौशल्य टिकवून राहिलेल्या नाहीत. उतारवयात त्यांनी ते अगदी पहिल्या पायरीपासून आत्मसात केले आहे.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील फ्लॉरेन्स मायलर यांचा जन्म १९३४ चा. बालपण शेतावर, गुराढोरांत गेले. मैदानी खेळांकडे त्या वळल्या साठाव्या वर्षी, आणि बांबूउडी शिकल्या पासष्टाव्या वर्षी. आपल्याकडे ज्या वयात ‘आता काय नवीन शिकायचे’ असे म्हटले जाते, त्या वयात त्यांनी दांडा कसा धरावा येथपासून आरंभ केला. पुढे ऐंशी ते चौऱ्याऐंशी या वयोगटात सुमारे सहा फुटांची उडी मारून त्यांनी जागतिक विक्रम नोंदवला. २०१९ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, पोलंडमधील तोरुन येथे भरलेल्या ज्येष्ठांच्या जागतिक बंदिस्त मैदानी स्पर्धेतही त्या उतरल्या.

त्यांच्याखेरीज आणखीही काही नावे आहेत. कॅलिफोर्नियातील नदीन ओकॉनर यांचा जन्म १९४२ चा. साठी ओलांडल्यानंतर त्यांनी तीन मीटरहून अधिक उंचीच्या उड्या मारल्या. जर्मनीत १९४७ मध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या फिल राश्कर यांनी धावणे, अडथळ्यांची शर्यत, लांब उडी आणि बांबूउडी अशा अनेक प्रकारांत वयोगटांचे विक्रम केले. अमेरिकेतील हौशी खेळाडूंसाठीच्या सलिव्हन पुरस्काराच्या २००३ च्या अंतिम यादीत मायकेल फेल्प्स व लेब्रॉन जेम्स या तरुणांबरोबर पन्नाशी ओलांडलेल्या राश्कर यांचेही नाव होते.

विक्रमांचा तक्ता काय सांगतो

ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांना मास्टर्स स्पर्धा म्हणतात. वयाच्या पस्तिसाव्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट केलेले असतात. प्रत्येकाची स्पर्धा समवयस्कांशी, आणि विक्रमही गटागटाचे निराळे.

हा तक्ता वरून खाली वाचत गेल्यास जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखे वाटते. तरुण स्त्रीची पाच मीटरची झेप ऐंशीनंतर दोन मीटरच्याही खाली येते. वय आपला वाटा घेतेच. कितीही कसून सराव केला तरी ते पूर्णपणे हरत नाही. ‘व्यायामाने तारुण्य परत मिळते’ अशा जाहिराती म्हणूनच विश्वासार्ह नाहीत. मात्र याच तक्त्याची दुसरी बाजूही आहे. पायऱ्या उतरत्या असल्या तरी जिना मध्येच तुटत नाही. साठाव्या किंवा सत्तराव्या वर्षी शरीर एकाएकी शिकणे थांबवते, असा कोणताही कडा त्यात दिसत नाही.

शास्त्रज्ञांनीही या खेळाडूंचा अभ्यास केला आहे. कॅनडातील संशोधकांना असे आढळले की, ऐंशीच्या आसपासच्या जागतिक दर्जाच्या ज्येष्ठ खेळाडूंच्या पायात स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जातंतूंच्या जोडण्या त्याच वयाच्या इतर माणसांपेक्षा अधिक संख्येने टिकून होत्या. यात उपजत देणगीचा भाग किती आणि सरावाचा किती, हे अशा एका तुलनेवरून ठरवता येत नाही. सर्वसामान्य, दुर्बळ वृद्धांनी व्यायाम केल्यास काय होते, याचा पुरावा निराळा शोधावा लागतो. तो उपलब्ध आहे. त्याकडे वळण्यापूर्वी स्नायूंचे गणित समजून घेऊ.

ताकद आणि झटपटपणा

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वजन सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला वैद्यकशास्त्रात सार्कोपेनिया असे नाव आहे. आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू उभे राहणे, चालणे अशी दीर्घकाळची कामे करतात. जलद तंतू क्षणार्धात जोर लावतात. वार्धक्यात जलद तंतू अधिक झिजतात. त्यामुळे एकूण ताकदीपेक्षाही झटपट जोर लावण्याची क्षमता आधी ओसरते.

याचा घरातील अर्थ असा. पायपुसण्यात पाऊल अडकले, तर तोल सावरण्यासाठी दुसरा पाय निमिषात पुढे टाकावा लागतो. तेथे मंदगतीने मिळणारी ताकद उपयोगाची नसते. रोज सकाळी तासभर संथ फेरफटका मारणारी व्यक्तीही कधी कधी न्हाणीघरात कोसळते, यामागे हेही एक कारण आहे. चालणे उत्तमच, परंतु चालण्याने हृदयाला जितका लाभ होतो, तितका जलद तंतूंना होत नाही.

बांबूउडी घेणाऱ्या ज्येष्ठ स्त्रीच्या सरावात वेगाने धावणे, दांड्यावर लोंबकळणे, पोट व पाठ बळकट करणे, तोल सांभाळणे आणि पडणे हे सर्व येते. आपल्याला यातील उडी नको आहे. तिच्यामागची तयारी मात्र हवी आहे.

भीतीचे दुष्टचक्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ६५ वर्षांवरील साधारण तीनांपैकी एक व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडते. खुब्याचे हाड मोडले म्हणजे पुढील काही महिने साऱ्या घराची घडी विस्कटते, हे अनेक वाचकांनी अनुभवले असेल. काहींना त्यानंतर पूर्ववत चालता येत नाही.

पण हाड न मोडताही पडण्याचा एक परिणाम होतो, तो म्हणजे भीती. दवाखान्यात हे चित्र वारंवार दिसते. आई एकदा घसरल्या. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. त्या दिवसापासून मुलगा म्हणतो, ‘आई, तू उठू नकोस, पाणी मी आणून देतो.’ सून म्हणते, ‘जिना नको आता.’ देवपूजा खुर्चीवर, जेवण पलंगावर, दळण आणणे बंद, बाजार बंद. साऱ्यांच्या मनात माया असते. पण न वापरलेले स्नायू आठवड्या-आठवड्याने आटत जातात, तोल आणखी बिघडतो आणि सहा महिन्यांनी त्या पूर्वीपेक्षा अधिक सहजपणे पडू शकतात. मग घरातील सर्वांना वाटते, ‘बघा, आपण जपत होतो ते योग्यच होते.’

हे चक्र तोडायचे, तर हालचाल बंद करून चालणार नाही. ती सुरक्षित व हळूहळू कठीण करत न्यावी लागेल. बांबूउडीतही पट्टी एकदम वर नेत नाहीत. पट्टी थोडी थोडी वर सरकवायची आणि खाली जाड गादी अंथरलेली ठेवायची, ही रीत घरातही लागू आहे.

नव्वदीतही स्नायू प्रतिसाद देतात

१९९० मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील दहा दुर्बळ व्यक्तींना पायांसाठी वजनाचे व्यायाम दिले. त्यांचे सरासरी वय ९० होते. आठ आठवड्यांत त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर केलेल्या त्यांच्या मोठ्या प्रयोगातही ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग सुधारला. हे खेळाडू नव्हते. काठी आणि आधार घेऊन चालणारी माणसे होती.

हाडांच्या ठिसूळपणाबाबत ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग महत्त्वाचा आहे. रजोनिवृत्ती झालेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, प्रशिक्षकांच्या नजरेखाली वजन उचलण्याचे व उडी मारून उतरण्याचे व्यायाम केले; दुसऱ्या गटाने घरी हलके व्यायाम केले. आठ महिन्यांनी पहिल्या गटातील स्त्रियांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली, तर दुसऱ्या गटात ती सुमारे १ टक्क्याने घटली. हाडाला योग्य भार मिळाला तर ते प्रतिसाद देते, हा याचा अर्थ. मात्र असे जड व्यायाम तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय घरी मुळीच करू नयेत.

आपली पट्टी कोठे आहे?

आरंभी आपली आजची क्षमता जाणून घ्यावी. हातांच्या खुर्चीऐवजी साधी, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते मोजावे. शेजारी कोणीतरी असावे. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११, सत्तरीत १० आणि ८० ते ८४ या वयात ९ वेळा तरी जमावे. पुरुषांसाठी ६५ ते ७४ या वयात १२, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर ११ आणि ८० ते ८४ या वयात १० हा आकडा धरतात. याहून कमी भरल्यास पडण्याचा धोका अधिक समजावा. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर आजची पट्टी तेथे आहे असे समजावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरी चाचणी एका पायावर उभे राहण्याची. ओट्याजवळ उभे राहून एक पाय उचलावा आणि दहा सेकंद तोल टिकतो का पाहावे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांवर केलेल्या अभ्यासात ज्यांना हे दहा सेकंद जमले नाही, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. शरीराच्या एकूण स्थितीची ती एक खूण आहे.

घरच्या घरी करण्याजोगा सराव

जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सुधारणारे व्यायाम सुचवले आहेत. त्यासाठी व्यायामशाळा आवश्यक नाही.

१. खुर्चीतून उठणे : प्रारंभी हातांचा आधार घेऊन पाच वेळा. जमू लागले की आधार सोडावा. त्यानंतर उठताना झटकन उठावे आणि बसताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश बसावे. झटकन उठण्याने जलद तंतूंना काम मिळते.

२. टाचा उचलणे : ओट्याला दोन्ही हात धरून टाचा वर उचलाव्यात, क्षणभर थांबून खाली आणाव्यात. दहा वेळा.

३. एका पायावर उभे राहणे : आधी दोन्ही हातांचा आधार, मग एका हाताचा, मग एका बोटाचा.

४. रेषेवरून चालणे : भिंतीलगत, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावत दहा पावले.

५. भिंतीवर जोर काढणे : भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत, कोपर वाकवून पुढे झुकावे आणि पुन्हा मागे यावे. पडताना हात टेकून सावरण्यासाठी खांद्यांतील व मनगटांतील ही ताकद उपयोगी पडते.

ज्यांना गुडघ्यांचा फार त्रास नाही, त्यांनी जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय सोडू नये. पाटावर बसून जेवणे, चटईवर बसून भाजी निवडणे यांत पाय, कंबर व तोल यांचा नकळत सराव होत असे. डायनिंग टेबल आले आणि तो सराव थांबला.

पडल्यावर उठण्याची तालीम

बांबूउडीचे मैदान आपल्याला आणखी एक मोलाची गोष्ट शिकवते : पडणे हाही सरावाचा भाग असतो. घरात एकट्याने पडलेली व्यक्ती हाड न मोडताही तासन् तास जमिनीवर राहू शकते, कारण उठावे कसे हे तिला सुचत नाही. म्हणून एखाद्या दिवशी कुटुंबीय सोबत असताना जमिनीवर जाड गादी अंथरून हा क्रम करून पाहावा.

प्रथम निश्चल राहून श्वास घ्यावा. कोठे तीव्र वेदना आहे का ते पाहावे. मग कुशीवर वळावे. कोपर व तळहातांवर जोर देऊन हात-गुडघ्यांवर यावे. रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जावे. दोन्ही हात त्यावर टेकवून बळकट पायाचे पाऊल पुढे घ्यावे, हातांनी रेटा देत वर यावे आणि वळून बसावे. खुब्यात किंवा पाठीत तीव्र वेदना असल्यास मात्र उठण्याचा प्रयत्न न करता मदत बोलवावी.

ही तालीम चार-सहा वेळा झाली की मनातील भीती पुष्कळ ओसरते. ‘पडले तरी मी उठू शकते’ असा विश्वास असलेली व्यक्ती अधिक मोकळेपणाने चालते.

ताटाकडेही लक्ष हवे

व्यायामाने स्नायूला मागणी जाते. पुरवठा अन्नातून व्हावा लागतो. वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांचे रात्रीचे जेवण चहा-पोळी किंवा मऊ भातावर आटोपते, तेथे हा हिशेब पार कोलमडतो. वाटीभर घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम, पेलाभर दुधातून ७-८ ग्रॅम, एका अंड्यातून ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. पिठले, मोड आलेली मटकी, दही, पनीर, मासे यांपैकी काहीतरी तिन्ही वेळच्या आहारात असावे. दात नसल्यास शेंगदाण्याचे कूट करून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ड जीवनसत्त्व व ब-१२ यांची कमतरता आपल्याकडे वारंवार आढळते. तीही तपासून घ्यावी.

सुरुवात करण्यापूर्वी

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, नुकतेच झालेले अस्थिभंग वा शस्त्रक्रिया, पूर्वी कण्याचा मणका दबलेला असणे, अनियंत्रित रक्तदाब किंवा साखर यांपैकी काही असल्यास व्यायामापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सर्व औषधांची यादी एकदा त्यांना दाखवावी. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांमुळेही तोल जाऊ शकतो. मोतीबिंदू तपासून घ्यावा. न्हाणीघरात भिंतीला भक्कम दांड्या बसवाव्यात, रात्री छोटा दिवा तेवत ठेवावा, सरकणारी पायपुसणी काढून टाकावीत, साडी पायघोळ नेसू नये आणि घरातही मागे पट्टा असलेल्या चपला वापराव्यात.

सांभाळणाऱ्यांसाठी

आपल्याच देशातील मान कौर यांनी वयाच्या ९३ व्या वर्षी मुलाच्या आग्रहाने धावायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये ऑकलंड येथील जागतिक मास्टर्स क्रीडा स्पर्धेत, १०१ व्या वर्षी, शंभर मीटर अंतर ७४ सेकंदांत पूर्ण केले. या घटनेतील मुलाची भूमिका मला महत्त्वाची वाटते. स्वतः वार्धक्यात असलेल्या त्या मुलाने आईला मैदानावर नेले आणि तिच्या सरावात सोबत केली.

आईवडिलांची सेवा करताना त्यांच्या हातातील प्रत्येक काम काढून घेण्याची गरज नसते. पाण्याचा पेला त्या स्वतः उठून घेत असतील तर घेऊ द्यावा. आपण एक पाऊल मागे, हात पुढे करता येईल इतक्या अंतरावर उभे राहावे. उठवताना दंडाला धरून ओढू नये. त्यांना पुढे झुकायला सांगावे आणि कमरेला आधार द्यावा. जिना चढायचा असेल तर कठडा धरून, दिवसातून एकदा, आपल्या सोबतीने चढू द्यावा. कॅलेंडरवर रोज खुर्चीतून उठण्याचा आकडा लिहावा. आज पाच असतील, तर महिनाभराने आठ होऊ शकतात. तीन बैठकांची ही वाढ कोणत्याही विक्रमपुस्तकात नोंदली जाणार नाही. परंतु आई रात्री स्वच्छतागृहापर्यंत कोणाला हाक न मारता जाऊन येऊ शकेल की नाही, हे पुष्कळदा तेवढ्यावरच ठरते.